मुलांना वळण लावताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या अंकासाठी प्राथमिक शाळेतील मुलांच्या वागणुकीविषयीची पत्रे एकत्र घेतली आहेत. ती रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या गावांतून आली असून लिहिणाऱ्यांमध्ये शिक्षक आहेत, पालक आहेत आणि नातवाला सांभाळणाऱ्या एक आजीही आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि मुलांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : मी गुहागर तालुक्यातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पट कमी असल्याने दोन-दोन इयत्ता एकत्र बसतात. रोज परिपाठात प्रार्थना, सुविचार, बोधकथा, दिनविशेष हे सारे नियमाने होते. मुले ‘नेहमी खरे बोलावे’ हा सुविचार फळ्यावर सुंदर अक्षरात लिहितात आणि त्याच दुपारी कोणाच्या तरी कंपासपेटीतील नवी पेन्सिल नाहीशी होते. विचारले तर सगळे गप्प राहतात. मग या परिपाठाचा उपयोग काय, आणि चांगले वागणे शिकवायचे तरी कसे?

उत्तर : बाई, परिपाठ चालूच ठेवा, मात्र त्याच्याकडून जे होणार नाही त्याची अपेक्षा ठेवू नका. ज्या मुलाने पेन्सिल उचलली त्याला चोरी वाईट असते हे ठाऊक नव्हते, असे मुळीच नाही. त्याला विचारले असते तर त्याने सर्वांआधी हात वर करून बरोबर उत्तर दिले असते. ठाऊक असणे आणि कोणी पाहत नसताना तसे वागता येणे यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर कमी होते ते सरावाने.

ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे या अमेरिकी संशोधकांनी सुमारे ११,००० शाळकरी मुलांची पाहणी करून तिचे निष्कर्ष १९२८ ते १९३० या काळात प्रसिद्ध केले. वर्गातील चाचणी, घरी करायचा अभ्यास, खेळ, पैशांचा व्यवहार अशा निरनिराळ्या प्रसंगी, मुलांच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, त्यांना फसवणुकीची संधी मिळेल अशी योजना त्यांनी केली होती. एका प्रसंगी प्रामाणिक राहिलेले मूल दुसऱ्या प्रसंगीही तसेच राहील असा भरवसा त्या पाहणीत मिळाला नाही. नीतीच्या प्रश्नांची उत्तरे मुलाला किती बरोबर येतात किंवा रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला ते किती नियमित जाते, याचा त्याच्या प्रत्यक्ष वागण्याशी फारच थोडा संबंध दिसला. वर्गावर्गांत मात्र फरक होता, आणि जेथे शिक्षक व मुले यांच्यात मोकळेपणा आणि सहकार्य होते तेथे फसवणूक कमी आढळली. ही पाहणी जुनी असली तरी शाळेत काम करणाऱ्या कोणालाही ती ओळखीची वाटेल, कारण गणिताच्या पेपरात शेजाऱ्याच्या वहीकडे न पाहणारा मुलगा लगोरी खेळताना सर्रास रडीचा डाव खेळतो, हे आपण रोज पाहतो.

यावरून मी असा अर्थ घेते की प्रामाणिकपणा हा एकदा शिकवून सर्वत्र लागू पडणारा धडा नाही आणि तो प्रत्येक प्रसंगी वेगळा घडवावा लागतो. परीक्षेतला, खेळातला, सुट्ट्या पैशांचा आणि उसन्या वस्तूंचा प्रामाणिकपणा मुले वेगवेगळा शिकतात, म्हणून त्या प्रत्येकाच्या सरावाची सोय शाळेत हवी. वर्गात पेन्सिली, खोडरबर आणि शार्पनर यांचा एक सामाईक डबा ठेवा आणि कोणी काय घेतले व काय परत केले याची वही मुलांनाच पाळीपाळीने लिहू द्या. सापडलेल्या वस्तूंसाठी वेगळी पेटी ठेवा. लगोरी किंवा लंगडी खेळताना पंच म्हणून तुम्ही नेहमी उभ्या राहू नका; आपण बाद झालो हे ज्याचे त्याने सांगायचे, असा नियम करून एखादा महिना खेळू द्या. सुरुवातीला भांडणे होतील आणि ती होऊ द्यावीत, कारण त्या भांडणांमध्येच मुले एकमेकांना न्याय शिकवतात.

हरवलेल्या पेन्सिलीबाबत दप्तरे तपासू नका. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातील कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई केली आहे, आणि साऱ्या वर्गादेखत एखाद्याच्या दप्तरातून वस्तू बाहेर काढणे हे त्या मुलाला पुढची अनेक वर्षे पुरते. ‘उद्या शाळा सुटेपर्यंत पेन्सिल त्या डब्यात यावी, कोणी ठेवली हे मी विचारणार नाही’ एवढेच सांगा आणि आपला शब्द पाळा. शिवाय ज्या मुलाकडे पेन्सिलच नाही असे कोणी वर्गात आहे का, हेही पाहा. आपल्या किनाऱ्यावर शाळा जूनमध्ये उघडते तेव्हाच मासेमारी बंद होऊन होड्या वर काढलेल्या असतात, आणि होडीवर मजुरी करणाऱ्या घरात वह्या-पुस्तकांचा खर्च नेमका तेव्हाच येतो.

बोधकथांविषयी थोडे सविस्तर सांगते. टोरांटोतील कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३ ते ७ वर्षांच्या मुलांना निरनिराळ्या गोष्टी सांगून नंतर त्यांचा खरेपणा पाहिला. खोटे बोलणाऱ्याची फजिती होते अशा गोष्टींनी, म्हणजे आपल्याकडे ‘लांडगा आला रे आला’ म्हणून सांगतात तिनेसुद्धा, मुलांच्या खोटे बोलण्यात फरक पडला नाही. लहानपणी झाड तोडल्याची कबुली देणाऱ्या आणि त्याबद्दल वडिलांकडून शाबासकी मिळवणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीने मात्र पडला. त्याच गोष्टीचा शेवट बदलून खरे बोलूनही शिक्षा झाली असे सांगितले, तेव्हा तिचाही परिणाम नाहीसा झाला. टोरांटोमध्येच २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका प्रयोगात ४ ते ६ वर्षांच्या मुलांपैकी काहींना आपल्याजवळचे दुसऱ्याला देण्याविषयीची एक गोष्ट माणसांची पात्रे घालून आणि काहींना तीच गोष्ट माणसांसारखे कपडे घातलेले प्राणी घालून वाचून दाखवली. माणसांची गोष्ट ऐकलेली मुले पुढे अधिक वाटून घेऊ लागली आणि प्राण्यांची ऐकलेली लागली नाहीत. कोल्ह्या-कावळ्यांच्या गोष्टी मुलांना फार आवडतात आणि त्या जरूर सांगाव्यात, पण त्यांतून वळण लागेल असे गृहीत धरू नये. आठवड्यातून दोन दिवस छापील बोधकथेऐवजी आपल्याच वाडीत घडलेली एखादी गोष्ट सांगा. दुकानदाराने चुकून जास्त दिलेले पैसे परत करणारी मुलगी किंवा साकवावर सापडलेले पाकीट पोलीस पाटलांकडे नेऊन देणारे काका मुलांना आपल्या जगातले वाटतात. आणि गोष्ट संपल्यावर तात्पर्य तुम्ही सांगू नका, त्या जागी आपण असतो तर काय अवघड गेले असते एवढे विचारा.

एक गोष्ट आपल्या सर्वांना लागू आहे, म्हणून ती स्पष्ट लिहिते. साहेब शाळा पाहायला येणार म्हणून आदल्या दिवशी प्रश्न आणि उत्तरे पाठ करून घेणे, किंवा जो उपक्रम झालाच नाही त्याची छायाचित्रे काढण्यासाठी मुलांना उभे करणे, हे कोठेही होऊ नये. त्या दिवशी मुले जे शिकतात ते वर्षभराच्या सुविचारांना पुरून उरते.

प्रश्न : माझा मुलगा आणि सून नोकरीसाठी मुंबईत असतात. नातू तिसरीत असून देवगड तालुक्यातील गावी माझ्याजवळ राहतो. मे महिन्यात त्याने लोणच्याची भरलेली बरणी फोडली आणि मांजराने पाडली असे मला सांगितले. मी रागाच्या भरात दोन धपाटे घातले. तेव्हापासून तो लहानसहान गोष्टींतही खोटे बोलतो आणि आता ते मला पकडताही येत नाही. मुलाला फोनवर सांगितले तर तो म्हणतो, “आई, लहान आहे तो, सोड.” मी काय करावे?

उत्तर : आजी, उतारवयात आठ वर्षांच्या मुलाचे सारे पाहणे हे सोपे काम नाही, आणि तुम्ही ते मनापासून करता आहात हे पत्रावरून कळते. नातू बिघडलेला नाही. मार जसा वाढतो तसे मूल खोटे बोलण्यात तरबेज होत जाते, हे अभ्यासातूनही दिसले आहे. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांनी २०११ साली पश्चिम आफ्रिकेतील दोन शाळांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांपैकी एका शाळेत चुकीला मारण्याची रीत होती आणि दुसरीत नव्हती. मार देणाऱ्या शाळेतील तीन-चार वर्षांची मुलेसुद्धा अधिक प्रमाणात खोटे बोलली आणि पुढचे प्रश्न विचारल्यावर ते खोटे अधिक सफाईने निभावून नेऊ शकली. तुमच्या नातवाचे खोटे आता पकडता येत नाही असे तुम्ही लिहिले आहे, त्याचे कारण यातच असावे.

दुसरी गोष्ट मुलांच्या समजुतीची आहे. जिनिव्हा येथील मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना दोन प्रसंग सांगितले होते. एका मुलाकडून दार उघडताना नकळत पंधरा कप फुटतात, तर दुसऱ्याकडून चोरून मुरंबा घेताना एकच कप फुटतो. अधिक दोषी कोण, असे विचारल्यावर लहान मुलांनी पंधरा कप फोडणाऱ्याकडे बोट दाखवले, आणि सात-आठ वर्षांच्या पुढची मुले हळूहळू हेतूचा विचार करू लागलेली दिसली. तुमचा नातू या बदलाच्या उंबरठ्यावर आहे. बरणी भरलेली होती आणि नुकसान मोठे झाले, म्हणून आपला अपराधही मोठा असणार असे त्याला वाटले असेल. हात निसटला, मुद्दाम फोडली नाही, हे सांगण्यासारखे आहे हेच त्याला सुचले नसेल.

यापुढे ज्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे तो प्रश्न त्याला विचारू नका. ‘बरणी कोणी फोडली?’ असे विचारले की भ्यालेल्या मुलापुढे खोटे बोलण्याचा रस्ता आपणच उघडतो. ‘बरणी फुटली, पायाला तुकडे लागतील, तिकडून ये, आपण मिळून आवरू’ असे म्हणा. आवरायला त्याने मदत केलीच पाहिजे, आणि पुढच्या वर्षी लोणचे घालताना कैऱ्या पुसण्याचे कामही त्याच्याकडे द्या. खरे सांगितले म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही. मार, आरडाओरडा आणि चारचौघांत उद्धार मात्र होत नाही, हे त्याला पुन्हा पुन्हा अनुभवू द्या. त्याला पटायला वेळ लागेल, कारण धपाटे त्याच्या लक्षात आहेत.

रोज संध्याकाळी मुंबईला फोन होत असेल. त्या फोनवर दिवसभराच्या खोड्या आई-वडिलांना सांगितल्या जात असतील, तर दूर असलेल्या आई-वडिलांसमोर आपण रोज गुन्हेगार म्हणून उभे राहतो, असे मुलाला वाटते. काय सांगायचे ते त्याचे त्यालाच सांगू द्या. मुलाला आणि सुनेलाही माझ्या वतीने एक निरोप द्या. ‘पुढच्या रविवारी नक्की येतो’ असे सांगून येणे जमले नाही, तर ती गोष्ट मुलाच्या हिशेबी खोटे बोलण्यातच जमा होते, तेव्हा गणपतीला येणार की शिमग्याला, हे जेवढे ठरलेले आहे तेवढेच सांगावे. आणि दारात वर्गणी मागायला आलेल्यांना ‘आजी घरात नाही असे सांग’ असा निरोप नातवाकडून कधीही पाठवू नये.

प्रश्न : माझा मुलगा दापोली तालुक्यातील एका शाळेत चौथीत आहे. १ ऑगस्टला शाळेत लोकमान्य टिळकांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगितली गेली. तेव्हापासून वर्ग झाडण्याची पाळी आली की तो म्हणतो, ‘मी कचरा केला नाही, मी उचलणार नाही.’ गुरुजी त्याला उद्धट म्हणतात. त्याला रागवावे तर टिळकांच्या गोष्टीला नाही म्हटल्यासारखे होते. काय सांगावे?

उत्तर : मुलाने गोष्ट लक्षपूर्वक ऐकली आहे आणि ती आपल्या जगण्याला लावून पाहिली आहे, ही शिकण्याची उत्तम खूण आहे. तो उद्धट आहे असे मला वाटत नाही. त्याला गोष्टीचा अर्धाच भाग मिळाला आहे, आणि दरवर्षी ही गोष्ट पाठांतराच्या भाषणांमध्ये संपवली जाते त्यामुळे तो अर्धा भाग देण्याचे काम राहून जाते.

रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्यांविषयी ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तीत मास्तरांनी साऱ्या वर्गाला शिक्षा केली आहे. ज्याने टरफले टाकली नाहीत त्यालाही ती उचलायला लावायची, म्हणजे दोष नसताना दोषी ठरवायचे, आणि बालवयातील टिळकांचा विरोध त्या अन्यायाला आहे. वर्ग झाडण्याची पाळी ही शिक्षा नव्हे. ते सर्वांचे काम आहे आणि ते प्रत्येकाकडे आळीपाळीने येते. मुलाशी बोलताना त्याला विचारा की त्याची पाळी नसते त्या दिवशी वर्ग कोण झाडतो आणि त्या दिवशी त्याने स्वतः केलेला कचरा कोण उचलतो. घरात जेवणानंतर आई सर्वांची खरकटी भांडी घासते, ती सगळी तिने एकटीनेच खरकटी केलेली असतात का, हेही विचारा; आणि हा प्रश्न विचारण्याआधी तुम्ही स्वतः भांडी घासायला उठत जा.

टिळकांच्या गोष्टीच्या शेजारी त्याच जिल्ह्यात जन्मलेल्या अप्पासाहेब पटवर्धनांची गोष्ट सांगितली जावी, असे मला फार दिवसांपासून वाटते. कोकणचे गांधी म्हणून ओळखल्या गेलेल्या अप्पासाहेबांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपल्याला करू द्यावे अशी मागणी केली. ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांनीच करायचे अशी तेव्हा रीत होती आणि तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी मागणी नाकारली. तेव्हा अप्पासाहेबांनी अन्न कमी केले, आणि त्यांच्या बाजूने येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही उपवास आरंभला. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात त्यांनी सफाईचे काम माणसाला कमी लेखणारे राहू नये म्हणून आयुष्य वेचले. न केलेल्या अपराधाची शिक्षा नाकारणारा मुलगा आणि दुसऱ्यांवर लादलेली घाण आपणहून उचलू पाहणारा माणूस, या दोघांनीही अन्यायालाच विरोध केला, हे चौथीतील मुलाला नीट सांगितले तर कळते. गुरुजींनाही भेटा आणि वर्गातील पाळी ही शिक्षा म्हणून कधीच दिली जाऊ नये, अशी विनंती करा. उशिरा आलेल्याला किंवा गृहपाठ न केलेल्याला झाडू हातात देण्याची सवय अनेक शाळांत आहे आणि तिच्यामुळेच मुले झाडण्याला शिक्षा समजू लागतात.

प्रश्न : मी रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागात शिक्षक आहे. शालेय पोषण आहाराच्या वेळी काही मुले ठरावीक मुलांपासून अंतर राखून बसतात आणि त्यांचा पाण्याचा पेला वापरत नाहीत. हे त्यांना घरून सांगितलेले असते. गावात वाद नको म्हणून दुर्लक्ष करावे, असे सहकारी म्हणतात.

उत्तर : सर, दुर्लक्ष करू नका. अस्पृश्यता संविधानाच्या कलम १७ ने नष्ट केली आहे आणि तिचे पालन करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे शाळेच्या आवारात तिला रीत किंवा घरची सवय म्हणून जागा असू शकत नाही. ज्या परिसरातून तुम्ही लिहिता आहात तेथेच २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता आणि महाड नगरपालिकेनेही तळे खुले असल्याचे ठरवले होते, तरी प्रत्यक्षात पाणी घेण्यासाठी माणसांना तेथे जावे लागले. तुमच्या शाळेतही ठराव आहेच. भिंतीवर संविधानाची उद्देशिका लावलेली असेल आणि मुले ती रोज म्हणत असतील. आता ती पंक्तीत उतरवण्याचे काम उरले आहे.

बसण्याची जागा मुलांनी निवडायची नाही, ती रोज चिठ्ठ्या टाकून ठरेल, असा नियम सर्वांसाठी करा. वाढण्याचे काम पाळीने सर्व मुलांकडे द्या आणि त्या पाळीतून कोणालाही वगळू नका. तुम्ही आणि मुख्याध्यापक रोज पंक्तीत खाली बसून तेच अन्न खा, आणि ज्यांच्याजवळ कोणी बसत नाही त्या मुलांच्या हातून वाढून घ्या. पेले सर्वांचे एकत्र धुऊन एकाच ठिकाणी ठेवा. अंतर राखणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलाला वर्गात अपराधी ठरवू नका, कारण त्याने ही गोष्ट शोधून काढलेली नाही. बोलायचे ते त्याच्या पालकांशी आणि शाळा व्यवस्थापन समितीत बोला, आणि कायदा काय सांगतो ते तेथे स्पष्ट शब्दांत मांडा. ज्या मुलांना दूर बसवले जात होते त्यांना ‘आपण सगळे समान’ या विषयावर बोलायला उभे करू नका, कारण ते ओझे त्यांचे नाही. या बाबतीत सौम्यपणाच्या नावाखाली थांबणे मला मान्य नाही, कारण थांबण्याची किंमत प्रत्येक वेळी तीच मुले देत असतात.

प्रश्न : मी मालवण तालुक्यात मुख्याध्यापक आहे. दर महिन्याला ‘आदर्श विद्यार्थी’ निवडून आम्ही त्याचे छायाचित्र फलकावर लावतो आणि बक्षीस देतो. सुरुवातीला मुलांचे वागणे सुधारले. आता काही मुले शिक्षक पाहत असले तरच मदत करतात, आणि काहींनी तर आपला नंबर कधीच लागणार नाही म्हणून प्रयत्नच सोडला आहे. फलक काढून टाकावा का?

उत्तर : होय, सर, काढून टाकावा. तुम्हाला जे दिसले तेच संशोधकांनाही दिसले आहे. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्या लहान मुलांना चित्रे काढण्याची मुळातच आवड होती, त्यांपैकी काहींना चित्र काढल्यास बक्षीस देण्याचे आधी कबूल करून ते दिले. नंतर मोकळ्या वेळेत हीच मुले पूर्वीपेक्षा कमी चित्रे काढू लागली. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००८ साली असेच निरीक्षण मदतीबाबत नोंदवले. दोन वर्षेही पूर्ण न झालेली बाळे समोरच्या माणसाची पडलेली वस्तू आपणहून उचलून देतात, पण त्याबद्दल खेळणे देत गेल्यावर बक्षीस बंद होताच त्यांची मदत कमी झाली. मदत करण्याची ओढ मुलामध्ये आधीपासूनच असते, आणि फलक लावून आपण तिची मजुरी ठरवतो.

फलकाच्या जागी खरे काम द्यावे, ज्यावाचून कोणाचे तरी अडेल असे. तुमच्या किनाऱ्यावर रापण ओढताना ते कसे चालते हे मुलांनी पाहिलेले असते. होडीतून अर्धवर्तुळात जाळे टाकले की दोन्ही टोकांना माणसे उभी राहून ते किनाऱ्याकडे ओढतात, आणि एकाही बाजूने ढिलाई केली तर मासळी निसटते. तेथे आदर्श रापणकर म्हणून कोणाचे छायाचित्र लागत नाही. प्रत्येकाच्या हाताची गरज असते आणि मासळीचे वाटे पडतात. एखाद्या रापण संघाला विनंती करून मुलांना तेथे न्या आणि वाटे कसे पडतात ते जाणत्या माणसाकडून समजून घेऊ द्या, कारण न्याय्य वाटणीचा एवढा चांगला धडा पाठ्यपुस्तकात मिळणे कठीण आहे.

शाळेतही अशी कामे पुष्कळ निघतात. चौथीतील प्रत्येक मुलाकडे पहिलीतील एक मूल वर्षभरासाठी सोपवावे. पावसात पऱ्या भरून वाहत असताना त्याला घरच्या माणसाच्या हाती देईपर्यंत थांबणे, वाचायला बसवणे, त्याचे दप्तर ओले झाले तर सुकवणे हे सारे त्याने पाहावे, आणि शिक्षकांनी त्यावर दुरून लक्ष ठेवावे. परसबागेचे पाणी, पिण्याच्या पाण्याची टाकी, वाचनालयाची पेटी यांची जबाबदारी तुकड्यांना द्यावी आणि काम चुकले तर लगेच स्वतः करून मोकळे होऊ नये. मंडणगड तालुक्यातील वेळास गावात २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखण्याचे काम उभे केले. पूर्वी जी अंडी माणसे आणि कुत्री-कोल्हे नेत असत, ती आता जाळीच्या कुंपणात सांभाळून पिल्ले समुद्रात सोडली जातात. हा बदल सुविचारांनी झाला नसता. राखण करण्याची पाळी गावातील माणसांवर आली, तिचा अर्थ त्यांना कळला आणि गावाला तिचा अभिमान वाटू लागला, म्हणून तो टिकला.

शाबासकी बंद करावी, असे मी म्हणत नाही. ‘तू फार गुणी आहेस’ या शब्दांनी मुलाला आपले नाव टिकवण्याची चिंता लागते. ‘तू थांबलास म्हणून ती पावसात एकटी गेली नाही’ असे सांगितले, तर त्याला आपल्या कामाचा परिणाम दिसतो. तो शब्द खासगीत सांगितला तर अधिक चांगले. ज्यांनी प्रयत्न सोडला आहे त्या मुलांपासून सुरुवात करा आणि शाळेतील सर्वांत महत्त्वाच्या किल्ल्या पहिल्या महिन्यात त्यांच्याच हाती द्या.

प्रश्न : आम्ही घरी मालवणी बोलतो. माझी मुलगी पहिलीत असून बाईंशी बोलताना एकेरी संबोधन वापरते, म्हणून तिला उर्मट ठरवून रडवले गेले. तिला घरीही प्रमाण मराठीच बोलायला लावावे का?

उत्तर : घरी मालवणीच बोला. घरात आजी-आजोबांशी ज्या मायेने ती एकेरीत बोलते त्याच मायेने ती बाईंशी बोलली आहे, आणि त्यात उर्मटपणा शोधणे हा तिच्यावर अन्याय आहे. शाळेत मोठ्यांना ‘तुम्ही’ म्हणायचे असते हे सहा वर्षांच्या मुलीला दोन-तीन महिन्यांत ऐकून ऐकून येते; बाईंनी तिचे वाक्य हसतमुखाने ‘तुम्ही’ घालून एकदा म्हणून दाखवले तरी पुरे. वर्गशिक्षिकेला शांतपणे भेटून हे सांगा, आणि शक्य झाल्यास परिपाठात आठवड्यातून एकदा मालवणीतील एखादी गोष्ट तुमच्या मुलीला सांगू द्यावी, असेही सुचवा.